मराठी वेषांतील शेक्सपिअर : संग्राहकांनीं ओळखावयाच्या कांहीं खुणा

जुन्या मराठी ग्रंथांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं ‘विजयसिंग’, ‘तारा’, ‘मोहविलसित’, ‘विकारविलसित’, ‘झुंझारराव’, ‘त्राटिका’ अशा नांवांचीं नाटकें येतात. नांवावरून पाहणारास पहिलें व पांचवें ऐतिहासिक, शेवटचें पौराणिक, आणि मधलीं संस्कृत वळणाचीं वाटावीं. वस्तुतः हीं सहाही नाटकें मूळ एकाच परदेशी कवीचीं आहेत. ‘विजयसिंग’ म्हणजे ‘ज्यूलिअस सीझर’, ‘तारा’ म्हणजे ‘सिंबेलाइन’, ‘मोहविलसित’ म्हणजे ‘विंटर्स टेल’, ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’, ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’, आणि ‘त्राटिका’ म्हणजे ‘टेमिंग ऑफ द श्रू’. सूचीकारानें केवळ नांवावर विसंबून वर्गवारी केली तर एका मोठ्या वाङ्मयीन घडामोडीचा पुरावा तीन निरनिराळ्या कपाटांत विखुरला जातो. ती घडामोड कोणती, ती कोणत्या क्रमानें झाली, आणि तिच्या पुराव्याचा कोणता भाग आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे, एवढें सांगण्याचा या टिपणाचा हेतु आहे.

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनीं सांगलीस १८४३ मध्यें केलेल्या ‘सीतास्वयंवर’ नाटकापासून धरतात. त्यापुढील दोन दशकांत परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं ‘वेणीसंहार’, ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ इत्यादि संस्कृत नाटकें मराठींत उतरविलीं. या दोन्ही प्रवाहांत नायकाच्या नाशानें नाटक संपविण्याचा प्रघात नव्हता. तो मोडलेला दिसतो तो विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ च्या नाटकांत. त्याचा शेवट पेशव्यांच्या मृत्यूनें व रमाबाईंच्या सहगमनानें होतो. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचें ‘ऑथेल्लो’ छापून निघालें तें यानंतर, १८६७ मध्यें. म्हणजे शेक्सपिअरचें पहिलें छापील मराठी भाषांतर येण्यापूर्वींच, इंग्रजी विद्या शिकलेल्या तरुणाच्या लेखणींतून शोकान्त मराठींत उतरला होता. प्रभाव आधीं व भाषांतर मागून, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

याच घराण्यांतील दुसरी गोष्ट इतिहासाभ्यासकांस विशेष वाटावी. विनायकरावांचे बंधु नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८७५ मध्यें ‘टेंपेस्ट’चें भाषांतर प्रसिद्ध केलें. ग्रांट डफच्या ग्रंथावर टीका लिहून मराठ्यांच्या इतिहासाच्या चिकित्सेस ज्यांनीं तोंड फोडलें, ते नीळकंठराव हेच. परकीयाच्या इतिहासग्रंथाची परीक्षा आणि परकीय नाटकाचा स्वीकार हीं दोन्ही कामें एकाच हातानें केलीं, यावरून त्या पिढीची वृत्ति कळते. तिनें जें घेतलें तें निवडून घेतलें.

निवडीचा हा प्रश्न आजवर जितका तपासला जावा तितका जात नाहीं. इंग्लंडांत ‘सिंबेलाइन’ व ‘विंटर्स टेल’ यांस ‘हॅम्लेट’ किंवा ‘लिअर’ यांच्या बरोबरीचें स्थान नाहीं. तरी विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं अकोल्यासारख्या वऱ्हाडांतील गांवीं शिक्षणखात्याची नोकरी सांभाळून हींच दोन नाटकें हातीं घेतलीं. ‘तारा’ १८७९ मध्यें व ‘मोहविलसित’ १८८१ मध्यें निघालें. त्यांचें तिसरें रूपांतर ‘वल्लभानुनय’ हें ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’ या नाटकाचें. यांत ‘ऑथेल्लो’ मिळविला म्हणजे सर्वांतील समान धागा दिसूं लागतो. तिहींत पति निरपराध पत्नीवर संशय घेतो. चौथ्यांत तो तिचा त्याग करतो व अंगठीच्या खुणेनें शेवटीं ती स्वीकारली जाते. सीतात्याग व शाकुंतलांतील प्रत्याख्यान ज्यांच्या कानांत होतें, त्या प्रेक्षकांस या कथा परक्या वाटण्याचें कारण नव्हतें. ओळखीच्या दारानें शेक्सपिअर आंत आला.

बडोद्यास झालेल्या ‘तारा’च्या प्रयोगाचें प्रत्यक्षदर्शी वर्णन तेथील कॉलेजचे प्रोफेसर हॅरल्ड लिटलडेल यांनीं १८८० मध्यें लंडनच्या ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या मासिकांत छापलें. आपल्याकडील प्रयोगाची हकीकत परदेशी मासिकांत शोधावी लागते, ही गोष्ट संग्राहकांनीं मनांत ठेवावी; तिच्याकडे पुढें यावयाचें आहे.

भाषांतर व रूपांतर यांतील भेदही येथें सांगितला पाहिजे. भाषांतरांत मूळ माणसें मूळ देशांतच राहतात. रूपांतरांत त्यांचीं नांवें, नातीं, घरें, आचार सर्व बदलतात. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या ‘त्राटिके’नें रामायणांतील राक्षसीचें नांव इंग्रजी कर्कशेस दिलें, व तें इतकें शोभलें कीं प्रेक्षकांस मूळ नांवाची आठवण राहिली नाहीं. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘झुंझाररावां’त (१८९०) डेस्डिमोना कमळजा झाली. परंतु आचार बदलले म्हणजे अर्थही बदलतो. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८२ मध्यें डोंगरीच्या तुरुंगांत असतां ‘हॅम्लेट’ हातीं घेतलें. ‘विकारविलसित’ या नांवानें तें १८८३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतील राजपुत्राचा सर्व उद्वेग आईच्या पुनर्विवाहाभोंवतीं फिरतो. विधवाविवाह हाच जेथें वादाचा विषय होता, त्या समाजापुढें हें नाटक विधवाविवाहाच्या एका निर्भय पुरस्कर्त्यानें ठेवावें, हा योग विलक्षण आहे. मूळांत दोष राणीच्या उतावळेपणाचा व दिराशीं केलेल्या संबंधाचा. येथील प्रेक्षकास तो पुनर्विवाहाचाच वाटण्याचा संभव होता.

रंगभूमीवर या नाटकांस जीव दिला तो मुख्यत्वें शाहूनगरवासी नाटक मंडळीनें. गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांचा हॅम्लेट व त्यांच्यासमोर स्त्रीभूमिकांत बाळाभाऊ जोग, यांनीं गद्य नाटकाची कीर्ति अशा काळीं वाढविली कीं ज्या काळीं संगीत नाटकाचा सर्वत्र बोलबाला होता. जें पुस्तकांत विद्वानांपुरतें होतें तें पिटांत बसणाऱ्या माणसापर्यंत पोंचलें.

आतां नागपूर प्रांताकडे वळूं. पारशिवनी तालुक्याच्या पूर्वेस रामटेक व पश्चिमेस सावनेर आहे. रामटेक म्हणजेच मेघदूतांतील रामगिरि, हें मत म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं समर्थिलें आहे. सावनेर येथें २३ जानेवारी १९१९ रोजीं राम गणेश गडकरी वयाच्या चौतिसाव्या वर्षीं निवर्तले. पारशिवनीच्या एका हातास कालिदासाची स्मृति व दुसऱ्या हातास ‘महाराष्ट्राचा शेक्सपिअर’ म्हणून गौरविलेल्या नाटककाराची, असा हा प्रदेश आहे. नागपुरास जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस गडकरी गुरु मानीत.

गडकऱ्यांनीं शेक्सपिअरचें एकही नाटक भाषांतरिलें नाहीं; तरी प्रभावाचा खरा ठसा त्यांच्याच ‘एकच प्याल्यां’त पाहावा. त्याचा पहिला प्रयोग गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, २० फेब्रुवारी १९१९ रोजीं, गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास केला. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील; त्याचा नाश बाहेरच्या शत्रूनें होत नाहीं, दुखावलेल्या अभिमानांतून शिरलेल्या एका व्यसनानें होतो. तळीराम केवळ निमित्त पुरवितो, जसें इयागो पुरवितो. मद्यपी मंडळाचे हास्यकारक प्रवेश शोकाच्या ऐन मध्यें येतात. ‘मॅकबेथ’मध्यें खुनाच्या रात्रीं द्वारपालाची बडबड येते तसेच. आणि सिंधु? ती तर तारा व कमळजा यांच्याच वंशांतील. फरक इतकाच कीं येथें कवीनें पात्रांस नवीं नांवें दिलेलीं नाहींत. पात्रें जन्मतःच मराठी आहेत. रूपांतर येथें संपलें व आत्मसात् करणें पुरें झालें.

पुढचा प्रवाह थोडक्यांत सांगतां येईल. नागपूरचे नाना जोग यांनीं ‘हॅम्लेट’ पुन्हां मराठींत आणलें. त्याच संहितेवरून २०१८ मध्यें मुंबईकडे नवा प्रयोग उभा राहिला. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ चा. वि. वा. शिरवाडकरांनीं ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ केला. पण त्यांचें १९७० चें ‘नटसम्राट’ हें भाषांतर नव्हे. त्यांतील घरदार वांटून मोकळा झालेला वृद्ध म्हणजे लिअर खरा, पण तो शेक्सपिअरच्या भूमिका करून थकलेला मराठी नट आहे. त्याचें गणपतराव हें नांव जोशांची आठवण देतें. ज्या रंगभूमीनें शेक्सपिअरास घेतलें तिचीच कथा येथें शोकान्त झाली आहे.

हें सर्व आपण छापील पुस्तकांवरून सांगतों. परंतु प्रयोगांत बोललें जाई तें छापील पुस्तकाबरहुकूम असेच असें नाहीं. मंडळ्यांपाशीं नाटकाच्या हस्तलिखित वह्या असत. नटांस आपापल्या भाषणांच्या नकला उतरवून देत. गाळलेले प्रवेश, घातलेलीं वाक्यें, बदललेले शेवट यांचा ठावठिकाणा त्यांतच लागतो. पोथ्या व दप्तरें जपणारीं घरेंही अशी वही आली तर ती रद्दींत घालतात. कारण ती जुन्या लिपींतली नसते, तिच्यावर शिक्का नसतो, आणि पुस्तक तर छापलेलें आहेच असें वाटतें.

हा समज किती घातक आहे हें दुसऱ्या एका शोधावरून कळेल. संस्कृतांत शोकान्त नाटक नाहींच, असें १८६७ मध्यें कोणीही निःशंकपणें म्हणालें असतें. पुढें टी. गणपतिशास्त्री यांस त्रावणकोर प्रांतांत जीं हस्तलिखितें सांपडलीं, तीं भासाचीं म्हणून १९१२ पासून त्रिवेंद्रम् येथें छापूं लागले. त्यांतील ‘ऊरुभंगां’त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो. एका पोथीनें शतकांचा निर्णय डळमळीत केला. त्या पोथ्या कोणीं टाकाऊ ठरविल्या असत्या तर?

म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं, जुनें नाटक नोंदवितांना मुखपृष्ठावरील नांवाशेजारीं मूळ नाटकाचें नांव लिहावें. निरनिराळ्या आवृत्त्या एकच समजून एक ठेवून बाकीच्या देऊन टाकूं नयेत. समासांतील पेन्सिलीच्या खुणा पुसूं नयेत. आणि नाटकाची वही, नटाची नक्कल किंवा खेळाचें हस्तपत्रक मिळाल्यास तें कोणत्या गांवीं, कोणत्या बाडांत व कोणत्या कागदांबरोबर मिळालें हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. नागपूर-वऱ्हाडांतील घरांतून असे कागद निघणें अशक्य नाहीं. ‘झुंझाररावां’ची एखादी जीर्ण वही पेशवाईच्या पत्राइतकी मोलाची कधीं दिसणार नाहीं, पण परदेशचा कवि आपल्या भाषेंत नेमका कसा बोलला, हें सांगणारा साक्षीदार तिच्यावांचून दुसरा नाहीं.