थायरॉईडची गोळी आणि ‘गरम पडण्या’चा समज

अवटुग्रंथीची अल्पक्रियता (गळ्यातील थायरॉईड ग्रंथीतून पुरेसे संप्रेरक न पाझरणे) या विकारात दिली जाणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी शरीराला परके काही पुरवीत नाही, तर ग्रंथीने स्वतः तयार करावयाचे संप्रेरकच बाहेरून देते. त्यामुळे धडधड, हातांची थरथर, घाम, उडालेली झोप या तक्रारी बहुधा गोळी ‘गरम पडल्या’च्या नसून मात्रा गरजेपेक्षा वाढल्याच्या खुणा असतात. ही मात्रा मायक्रोग्रॅममध्ये (ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात) मोजली जाते, म्हणून 75 ऐवजी 100ची बाटली हाती आली तरी फरक जाणवू शकतो.

अशा वेळी गोळी बंद न करता मात्राच का जुळवावी, हे समजण्यासाठी धरणाजवळच्या भातसानगरच्या रहिवाशांना धरणाचे उदाहरण जवळचे वाटेल. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते व तेथून मुंबईसाठी उचलले जाते. विसर्ग जास्त वाटल्यास तो कमी केला जातो, धरण मोडीत काढले जात नाही, आणि वरच्या बदलाचा परिणाम खाली उशिरा दिसतो. त्याचप्रमाणे रक्तातील या औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 7 दिवस लागत असल्याने मात्रा बदलल्यावर टीएसएच (अवटुग्रंथीला चालना देणारे पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) सहसा 6 ते 8 आठवड्यांनी तपासतात. दोन दिवस गोळी सोडून ‘बरे वाटले’ हा पुरावा, म्हणूनच, कच्चा ठरतो.

गोळी चहाबरोबर नव्हे, तर रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी, आणि लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून 4 तासांचे अंतर ठेवावे. मात्रा डॉक्टरांनीच बदलावयाची असते. छातीत दुखल्यास मात्र तपासणीची वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठावा.