डोंगरावरचं नागपूर

नागपूरहून राज्याचा समुद्रकिनारा गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तरीही स्कुबाच्या नियमांतली एक सीमारेषा थेट या शहरापाशी येऊन थांबते! 'पाडी' ही डायव्हिंग शिकवणारी जगड्व्याळ संस्था 300 मीटर उंचीपर्यंतचं पाणी साधं धरते. त्यावरचं सगळं 'अल्टिट्यूड डाइव्ह'. नागपूरची उंची सुमारे 310 मीटर. म्हणजे अंबाझरी तलावात उद्या कुणी सिलिंडर बांधून उतरलाच (गाळात दिसणार काय, ते सोडा), तर कागदोपत्री तो पहाडातल्या तलावात उतरलेला असेल.

'पाडी'चं पहिल्या पायरीचं कार्ड म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर'. वय किमान 10, सावकाश का होईना 200 मीटर सलग पोहणं, 10 मिनिटं तरंगणं, पोहण्याच्या तलावात सराव आणि खुल्या पाण्यात किमान 4 डाइव्ह. खोलीची मर्यादा 18 मीटर. आयएसओ 24801-2 हे आंतरराष्ट्रीय मानक 20 मीटर म्हणतं, आणि जोडीला तुमच्याइतका तरी शिकलेला डायव्हर हवा, असंही बजावतं. मालवणात प्रशिक्षकाने धरून केलेली फोटोवाली डुबकी म्हणजे हे कार्ड नव्हे. कार्डासाठी शिकायचं असेल तर तिथेच तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे.

सरावातला एक धडा बघण्यासारखा असतो. तलावाच्या तळाशी गुडघे टेकायचे, तोंडातला हवा पुरवणारा रेग्युलेटर काढून सोडून द्यायचा, उजवा हात मागून फिरवून नळी पकडायची, तो पुन्हा तोंडात धरायचा, आतलं पाणी फुंकून काढायचं. या सगळ्या वेळात ओठांतून बारीक बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत. कारण 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर दुप्पट फुगू पाहते. फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरसुद्धा पुरतात!

दुसरा हिशोब नायट्रोजनचा. खाली असताना तो रक्तात आणि पेशींत विरघळतो, वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. भोवतालचा दाब त्याआधीच आणखी घटला, तर शरीरात बुडबुडे धरू शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास विमान वर्ज्य. हा नियम साधारण 600 मीटरच्या वर लागू धरतात, आणि मालवणहून घाटमाथ्याकडे परततानाची आंबोली आहे 690 मीटरवर. तेव्हा दोन-चार डाइव्ह करून दुपारी बाराला वर आलात, तर घाट दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतरच चढा.