ज्वारीतले ल्युसिन आणि कुत्र्याची काळी जीभ

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा मुलूख परभणीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. गरिबाघरचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जमलेच तर वरण. ज्यांना वरणही जमत नसे, अशा ज्वारी खाणाऱ्या गरिबांत हैदराबादच्या डॉक्टरांना एक रोग वरचेवर दिसे. मान, हात, पाय असा उन्हात उघडा राहणारा भाग काळवंडतो, कातडी सोलते, जुलाब लागतात, पुढे पुढे मन भ्रमते. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. या रोगाचे नाव पेलाग्रा.

रोग जगाला नवा नव्हता. मका खाणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने हजारो बळी घेतले होते. कुत्र्यांनाही तसाच आजार होतो, त्यात त्यांची जीभ काळी पडते. १९३७ साली एल्व्हेजेम यांनी अशी कुत्री नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, देऊन बरी केली. पुढे १९४५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळली: ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःच नायसिन बनवते. माणसात साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नायसिन तयार होते. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी आणि त्यातले नायसिन अंगी लागत नाही, म्हणून मकेखाऊंना रोग. हिशेब जुळला.

पण ज्वारीत हा हिशेब जुळेना. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. मग पेलाग्रा का?

१९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये वेगळेच बोट दाखवले. ज्वारी आणि मका या दोन्हींत ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते. हे जादा ल्युसिन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या कामात अडथळा आणते, असे त्यांचे म्हणणे. पुढे या संस्थेत कुत्र्यांना आहारातून जादा ल्युसिन दिले, तेव्हा त्यांची जीभ काळी पडली. कमतरतेइतकाच अतिरेकही घातक ठरू शकतो, हा यातला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाद मात्र मिटला नाही. इतर काही प्रयोगशाळांना उंदरांवर हा परिणाम सारखा दिसला नाही, आणि बी-६ जीवनसत्त्वाचाही यात हात असल्याचे हैदराबादच्याच संशोधकांनी पुढे दाखवले.

म्हणून ज्वारी सोडायची का? मुळीच नाही. रोग होता तो नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांना. तुरीच्या किंवा मुगाच्या वरणात ज्वारीत कमी असलेले लायसिन असते. शेंगदाण्यात नायसिन भरपूर. दूध, अंडी, मटणातून ट्रिप्टोफॅन मिळते. भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी हे ताट शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. आज जिल्ह्यात सोयाबीन पिकते, तेल काढल्यावर त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पोल्ट्रीवाला तिच्यात मेथिओनिन किती कमी आहे ते बघून तेवढे वरून घालतो. घरच्या ताटाचा असा हिशेब कुणी मांडत नाही!

आता पेलाग्रा क्वचितच दिसतो, पण संपलेला नाही. दारूच्या आहारी जाऊन जेवण तुटलेल्यांत तो आढळतो. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड या गोळीमुळे बी-६ कमी पडते आणि नायसिन बनण्याची वाट अडते. अशक्त रुग्णाला त्यातून पेलाग्रा होऊ शकतो. अशा रुग्णाच्या मानेवर, हातांवर दोन्ही बाजूंना सारखे काळे, खरखरीत चट्टे उठले तर उन्हाने झाले म्हणून मलम लावत बसू नये. गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. लगेच डॉक्टरांना दाखवावे. नायसिन सुरू झाले की जुलाब आणि जिभेची आग काही दिवसांतच कमी होते, कातडीला मात्र थोडे आठवडे लागतात.