आतषबाजीचे हरवलेले रंग

दिवाळीच्या रात्री बेंगळुरूतील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पाहावे, तर चहूकडे आकाशात प्रकाशाची फुले उमलत असतात. ती कॅमेऱ्यात टिपण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु हाती येतात त्या बहुधा काळ्या पार्श्वभूमीवरील पांढुरक्या रेघा. डोळ्यांनी पाहिलेले रंग मग जातात कोठे?

हे रंग धातूंच्या क्षारांपासून मिळतात. स्ट्रॉन्शियमपासून तांबडा, तांब्यापासून निळा, सोडियमपासून पिवळा. हिरवा रंग बेरियमचा. मात्र फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली. जळत्या कणाचा प्रकाश भिंगातून जाऊन एका सूक्ष्म बिंदूत एकवटतो. तेथे तो इतका प्रखर असतो, की कॅमेऱ्यातील तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मोजणारे घटक एकाच वेळी आपली मर्यादा गाठतात आणि चित्रात केवळ पांढरा ठिपका उरतो. फोकस हेतुपुरस्सर ढळू दिला, तर तोच प्रकाश लहानशा चकतीवर पसरतो. चकतीचा व्यास दुप्पट झाला, की प्रखरता एक चतुर्थांश होते आणि मूळ रंग उमटू लागतो. एरवी दोष मानली जाणारी अस्पष्टता येथे अशी कामास येते.

यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, आयएसओ १०० ठेवावा व स्वयंचलित फोकस बंद करावा. भिंगाचे छिद्र जितके मोठे, तितकी चकती मोठी. फोकसचे कडे आधी जवळच्या अंतरावर ठेवावे. बाण वर चढताच शटर दोनेक सेकंदांसाठी उघडावे आणि तो फुटताच कडे दूरच्या अंतराकडे सावकाश फिरवावे. चित्रातील रेषा मध्याशी जाड, तर टोकाशी सुईसारख्या निमुळत्या होतात. लालबागेच्या पुष्पप्रदर्शनातील टोकदार पाकळ्यांचा डेलिया आठवावा, असा तो आकार असतो. कडे उलट फिरवल्यास पाकळ्या बाहेरच्या बाजूस रुंदावत जातात. हा खेळ पहिल्या काही बाणांतच साधावा, कारण नंतर धूर साचून सारे मळकट होते.

त्यासाठी फटाक्यांजवळ जाण्याचे मात्र काही कारण नाही. शहरातील मिंटो नेत्र रुग्णालयात दर दिवाळीत डोळ्यांना इजा झालेले रुग्ण येतात, आणि त्यांत नुसते पाहणारेही असतात. दूरच्या गच्चीवरून लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. तेथे आवाजावर विसंबून शटर उघडू नये. एक किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज पोहोचण्यास सुमारे तीन सेकंद लागतात आणि तोवर फूल विझलेले असते. लक्ष ठेवावे ते वर चढणाऱ्या बाणाच्या शेपटीवर.