पराभव कबूल करणारा पक्ष आणि न करणारा नेता

नोव्हेंबर २०१२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी बराक ओबामांकडून हरले. निकाल स्पष्ट झाल्यावर त्याच रात्री त्यांनी ओबामांना फोन केला आणि बॉस्टनमध्ये जमलेल्या समर्थकांपुढे येऊन पराभव कबूल केला. त्यानंतर रिपब्लिकन पक्षाने जे केले ते मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. आपण का हरलो हे शोधण्याचे काम पक्षाने पाच जणांवर सोपवले. मार्च २०१३मध्ये त्यांचा सुमारे शंभर पानांचा रोखठोक अहवाल बाहेर आला. लॅटिनो मतदारांपैकी जेमतेम २७ टक्क्यांनी रॉम्नींना मत दिले होते. कागदपत्रांविना राहणाऱ्यांचे जगणे इतके कठीण करावे की ते आपणहून देश सोडतील, अशी त्यांची प्रचारातली भूमिका होती. अहवालाने पक्षाला बजावले, की स्थलांतर कायद्यातील सर्वंकष सुधारणेला पाठिंबा द्या, नाहीतर पाया आक्रसत जाईल.

तीनच महिन्यांत तसे पाऊल पडले. २७ जून २०१३ रोजी सिनेटने स्थलांतर सुधारणेचे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले आणि त्या ६८मध्ये १४ रिपब्लिकन होते. कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे १ कोटी १० लाख लोकांना १३ वर्षांच्या टप्प्याटप्प्याने नागरिकत्व, सीमेवर २० हजार जादा जवान आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा रद्द, असा तो सौदा होता. शेवटची तरतूद पुण्या-ठाण्यातल्या हजारो घरांच्या जिव्हाळ्याची. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे मिळतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक सहसा येत नाहीत. देश लहान असो की भारताएवढा, मर्यादा तीच. म्हणून तिथे स्थिरावलेला आपला अभियंता दशकाहून अधिक काळ रांगेत राहतो आणि त्याच्याबरोबर लहानपणी गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते.

विधेयक कनिष्ठ सभागृहात अडकले. सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला घेतलेच नाही. जून २०१४मध्ये सभागृहातले रिपब्लिकन नेते एरिक कॅंटर व्हर्जिनियात पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. विरोधकाने त्यांच्यावर स्थलांतरितांबाबत मवाळ असल्याचा आरोप ठेवला होता. त्यानंतर त्या विषयाला हात लावायला कोणी धजेना. तरीही पराभव, कबुली, आत्मपरीक्षण आणि विधेयक ही साखळी मला फार मोलाची वाटते. कायदा झाला नाही, पण लोकशाहीत कायदा होण्याची वाट हीच असते.

२०२०मध्ये ही साखळी कबुलीच्या कडीलाच तुटली. डोनाल्ड ट्रम्प जो बायडन यांच्याकडून ३०६ विरुद्ध २३२ निर्वाचक मतांनी हरले आणि त्यांनी निकालच नाकारला. साठहून अधिक दावे दाखल झाले आणि जवळपास सगळे फेटाळले गेले. निकाल बदलेल एवढा गैरप्रकार आढळलेला नाही, असे त्यांचेच अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी १ डिसेंबरला सांगितले. सात राज्यांत, पराभव झालेला असताना, ट्रम्प समर्थकांनी स्वतःला निर्वाचक म्हणवणारी प्रमाणपत्रे तयार केली. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मते शोधायला सांगितले. बायडन तिथे ११,७७९ मतांनी पुढे होते. चार दिवसांनी, निर्वाचक मतांची मोजणी सुरू असताना, संसद भवनावर जमाव चालून गेला. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी मते नाकारायला नकार दिला आणि ७ जानेवारीच्या पहाटे मोजणी पूर्ण झाली. पण त्या हिंसाचारानंतरही १४७ रिपब्लिकन सदस्यांनी निकालावरच्या आक्षेपाच्या बाजूने मत दिले.

हरलेल्या नेत्याने 'मी हरलोच नाही' म्हटले, की खरी मते कोणाची आणि खोटी कोणाची हा प्रश्न उभा राहतो आणि बोट परक्यांकडे वळते. २०१६ जिंकूनही ट्रम्प यांनी लाखो बेकायदा रहिवाशांनी मतदान केल्याचा दावा केला होता. त्यासाठी नेमलेला आयोग जानेवारी २०१८मध्ये एकही पुरावा न देता गुंडाळला गेला. संघीय निवडणुकीत परदेशी नागरिकाने मतदान करणे हा १९९६च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी देशाबाहेर काढले जाऊ शकते. एका मतासाठी एवढा धोका कोण पत्करेल? रॅफेन्सपर्गर यांनी २०२२मध्ये जॉर्जियाच्या यादीची नागरिकत्व तपासणी केली. २५ वर्षांत १,६३४ अनागरिकांनी नोंदणीचा प्रयत्न केलेला आढळला. त्यातला एकही यादीत पोहोचला नव्हता.

या वादात आपल्या माणसांचाही संबंध आला. ज्या डेट्रॉईटच्या मतांवर सर्वाधिक धुरळा उडाला, त्याच शहरातून त्याच निवडणुकीत बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार मिशिगनच्या विधानसभेवर निवडून आले. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. १७ नोव्हेंबर २०२० रोजी डेट्रॉईट ज्यात येते त्या परगण्याच्या मोजणी मंडळातले दोन रिपब्लिकन सदस्य निकालावर शिक्कामोर्तब करायला तयार नव्हते. काही तासांनी मात्र ते तयार झाले.

खोट्याची किंमत स्थलांतर सुधारणेनेही मोजली. बायडन यांनी शपथविधीच्या दिवशीच नागरिकत्वाचे विधेयक जाहीर केले, पण ज्यांच्या मतदारांना राष्ट्राध्यक्षच बनावट वाटतो ते त्याच्याशी तडजोड करणार कशी? फेब्रुवारी २०२४मध्ये ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड यांनी डेमोक्रॅट्सबरोबर सीमेबाबतचे कडक विधेयक आणले. त्यात एच-१बी व्हिसाधारकांच्या मुलांना २१व्या वर्षानंतरही संरक्षण आणि जोडीदाराला कामाचा परवाना होता. ट्रम्प यांनी विरोध केला आणि विधेयक ४९ विरुद्ध ५० असे पडले.

२०१३च्या अहवालाचे राजकीय गणित चुकले, हे मान्य केले पाहिजे. २०२४मध्ये स्थलांतरितांविरुद्ध कठोर बोलूनही ट्रम्प यांना लॅटिनो मतदारांची पूर्वीपेक्षा बरीच जास्त मते मिळाली. त्या मतदारांनाही सीमेवरचा गोंधळ खुपत होता आणि डेमोक्रॅट्सनी तो फार उशिरा ऐकला. पण जिंकल्याने जुने असत्य सत्य होत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी ६ जानेवारीच्या सुमारे १,५०० आरोपींना माफी दिली आणि त्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेशही काढला. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क लागले. कायदा होत नाही तेव्हा एका माणसाच्या सहीवर घरे चालू लागतात, ही भीती न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आपल्या घरांनी अनुभवली आहे.

निवडणूक प्रक्रियेत मात्र एक दुरुस्ती झाली. डिसेंबर २०२२च्या कायद्याने मतमोजणीत उपराष्ट्राध्यक्षाचे काम केवळ औपचारिक ठरवले. आक्षेपाला आता प्रत्येक सभागृहातल्या एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. पूर्वी एकेक सदस्य पुरे होता. स्थलांतरितांना मोठ्या प्रमाणावर कागदपत्रे देणारा शेवटचा कायदा मात्र राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातला, १९८६चाच आहे. त्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केले.

ज्यांचे भाऊ-बहिणी, मुले-नातवंडे तिकडचे नागरिक झाले आहेत, त्यांनी त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. उमेदवार दारात किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला आला, की ७ टक्क्यांच्या मर्यादेबद्दल विचाराच, पण त्याआधी विचारा, की तुम्ही हरलात तर निकाल मान्य कराल का. या प्रश्नाला सरळ 'हो' न म्हणणाऱ्याला मत देऊ नका.