इंजिनात बसलेला मोटरमन

अंधेरी स्टेशनात लोकल उभी असो वा सुटलेली, वरच्या तारेत 25,000 व्होल्ट कायम असतात. वेग किती घ्यायचा ते मोटरमन ठरवतो. हौशी मंडळींच्या मॉडेल रेल्वेत मात्र वर्षानुवर्षं उलटा कारभार होता. वेग ठरायचा रुळांतल्या व्होल्टेजवर. बटण फिरवलं की त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळायची. दोन गाड्या स्वतंत्र चालवायच्या तर रुळांचे तुकडे पाडून तितके स्विच बसवा.

1980च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने यावर डिजिटल तोडगा काढला. पुढे अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने तो प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याला डीसीसी म्हणतात. रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच हुकूम जातात: अर्धी लाट 58 मायक्रोसेकंदांची असेल तर 'एक', 100 किंवा त्याहून लांब असेल तर 'शून्य'. इंजिनातला डीकोडर आपला पत्ता असलेला हुकूम तेवढा पाळतो. थोडक्यात, मोटरमन पुन्हा गाडीत येऊन बसला.

त्याला बसायला जागा कुठली, ही खरी अडचण. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी 1998 साली उघडलेलं लघुरेल्वे संग्रहालय 1:87 प्रमाणातलं आहे. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये त्या प्रमाणातली बारा डब्यांची लोकल जवळपास तीन मीटर जागा खाईल. म्हणून 1:160चं एन स्केल सोयीचं, पण त्यात इंजिन जेमतेम बोटभर. बऱ्याच जुन्या इंजिनांची चासी म्हणजे धातूचे दोन अर्धे भाग. एकेका भागातून एकेका रुळाची वीज थेट मोटरच्या ब्रशला जाते. डीकोडर मध्ये घालायचा तर मोटर चासीपासून पूर्ण तोडावी लागते. ब्रशच्या पट्ट्यांखाली विद्युतरोधक कॅप्टॉन टेप घालायची, जागेसाठी धातू कानशीने घासायचा, मग तारा जोडायच्या: लाल-काळी रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. नव्या इंजिनांत सहा पिनांचं सॉकेट असतं. ते मिळालं तर घ्याच. कानस चालवण्यात मर्दुमकी नाही.

खरी गंमत नंतर, सीव्ही नावाच्या आकड्यांत आहे. डीकोडर कारखान्यातून 3 नंबरचा पत्ता घेऊन येतो. तो बदलायचा सीव्ही 1 मध्ये. सीव्ही 3 वाढवला की गाडी भरलेल्या लोकलसारखी जड उचलते, सीव्ही 4 वाढवला की हळूहळू थांबते.

एक खोट मात्र डीकोडर भरून काढत नाही. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, म्हणजे एन स्केलमध्ये साडेदहा मिलिमीटर. बाजारातला रूळ 9चा. पश्चिम रेल्वेची गाडी त्यावर अरुंद पायांची दिसते. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मात्र 1435च्या गेजवर धावते आणि या रुळाला जवळजवळ अचूक बसते. अंधेरीकराने मॉडेलसाठी तीच निवडावी.

आणि वीज देण्याआधी मल्टिमीटर लावा. मोटरचं एक टोक जरी चासीला टेकलेलं राहिलं, तर डीकोडर जळतो आणि तो दुरुस्त होत नाही.