शेजारच्या घरातली जपमाळ



आमच्या गल्लीत रात्रीचे आठ वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. समोरच्या घरातून मालिकेचे गाणे येते, आमच्या घरात पोरांना अभ्यासाला बसवण्यावरून आरडाओरड सुरू होते आणि भिंतीपलीकडे 'नमो मारिया' सुरू होते. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी पुरी करायची. दहा वेळा झाली की मण्यांची माळ पुढे सरकते, मग पुन्हा दहा. असे पाच वेळा. धाकटा पोरगा तिसऱ्या दहापर्यंत पेंगायला लागतो, त्याचा आवाज गळतो आणि वहिनींचा आवाज चढतो. बारा वर्षांत आम्हाला ते सारे पाठ झाले आहे.

हे घर कॅथलिक ख्रिस्ती. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटला की लोक सरसकट 'मिशनवाला' म्हणून मोकळे होतात. व्हऱ्हाडात अमेरिकन अलायन्स मिशनने शंभर वर्षांपूर्वी काम केले, त्यांची मंडळी प्रॉटेस्टंट. त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, जपमाळ नाही. शेजारचे भाऊ मात्र पोपला मानणारे, मरियामातेला 'माउली' म्हणणारे. त्यांचे आजोबा वैजापूर तालुक्यातले. त्या भागात घोगरगावला फादर गुरियन जाकिये या फ्रेंच धर्मगुरूंनी मिशन चालवले होते आणि त्यांच्याकडे गेलेले बहुतेक लोक आपल्याच महारवाड्यातले होते. आजोबांचा बाप्तिस्मा तिकडचा. वडील जिनिंगमध्ये कामाला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. भाऊ आता मोटरसायकलचे गॅरेज चालवतात.

त्यांच्या पुढच्या खोलीत गेलात तर भिंतीला एक लाकडी फळी आहे. फळीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मरियामातेची छोटी मूर्ती, तांबडा बल्ब, प्लास्टिकच्या बाटलीत आशीर्वादित पाणी आणि शिंदीच्या पातीचा वाळलेला क्रूस. हा क्रूस झावळ्यांच्या रविवारचा. वर्षभर ठेवायचा, मग पुढच्या वर्षी जाळून त्याची राख करायची आणि राखेच्या बुधवारी धर्मगुरूंनी तीच राख कपाळाला लावायची. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा त्यांना विचारले, "वहिनी, मूर्तीपुढं हात कसे जोडता हो? दगडच ना तो?" वहिनी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी फोटोपुढं मेणबत्ती लावता ती काय कागदाला लावता का, ताई?" त्यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माणसाला उत्तर नसते असे नाही, पण ते गहू निवडता निवडता देता येत नाही.

आमच्या गावात त्यांचे चर्च नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी फादर येतात, कोणाच्या तरी ओसरीवर पांढरे कापड अंथरतात आणि मराठीतच मिस्सा होते. रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी, म्हणजे 1962-65 च्या आधी, ती लॅटिनमध्ये असायची. भाऊंची आजी न समजताच सारे म्हणायची. बाकी रविवारी जमले तर एस.टी.ने जालन्याला जायचे. पाच माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि गॅरेजचा बुडालेला धंदा असा हिशेब केला, तर आपण बी.कॉम. शिकलेले लोक म्हणू की परवडत नाही. वहिनी म्हणतात, "माहेरी गेल्यासारखं वाटतं." सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. तिला जायला त्या वर्षभर शिलाईचे पैसे बाजूला टाकतात. घरात 'निरोप्या' येते. 1903 साली सुरू झालेले मासिक आहे ते, म्हणजे 'मूकनायका'च्या सतरा वर्षे आधीचे.

2025 सालचा एप्रिल आम्हाला लक्षात राहिला. 13 तारखेला त्यांचा झावळ्यांचा रविवार होता, 14 ला बाबासाहेबांची जयंती आणि 18 ला शुभ शुक्रवार. म्हणजे आपला सर्वांत आनंदाचा दिवस त्यांच्या सर्वांत दुःखाच्या आठवड्यात आला. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात हे घर दर शुक्रवारी मटण-मासळी शिवत नाही आणि वहिनी तर चहातली साखरही सोडतात. तरी मिरवणूक गल्लीत आली तेव्हा त्या पाण्याचे पिंप घेऊन दारात उभ्या होत्या. भाऊंनी पोरांना निळे फेटे बांधून दिले. कोणीतरी पेढा पुढे केला, तो वहिनींनी पदरात बांधून ठेवला आणि ईस्टरला, 20 तारखेला, खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. गॅरेजचे शटर अर्धे खाली ओढून भाऊ मोबाइलवर रोमची गर्दी पाहत बसले होते. आम्ही शेजारी जाऊन बसलो. काय बोलावे ते सुचले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

भाऊंची मोठी मुलगी त्या वर्षी बारावी झाली. तिला बी.एस्सी. नर्सिंगला जायचे होते. एका संध्याकाळी भाऊ कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. आम्ही कारकून माणूस, गल्लीतले अर्धे अर्ज आमच्याच ओट्यावर भरले जातात. पिशवीतून आजोबांच्या शाळेचा उतारा निघाला. 1930 च्या सुमाराचा, जात 'महार'. भाऊ हळू आवाजात म्हणाले, "दादा, हा कागद हाये न आपल्याजवळ. पोरीले हिंदू महार लिहून टाकू. बाप्तिस्म्याचं कोण पाहून राह्यलं?"

त्यांच्या बोलण्यामागे एक घर होते. आजोबांच्या सख्ख्या भावाने 1956 नंतर धम्मदीक्षा घेतली. एका वाड्यातले, एका चुलीवरचे दोन भाऊ. धाकट्याचे नातू अनुसूचित जातीच्या दाखल्यावर शिकले, एक सरकारी नोकरीत आहे. थोरल्याचा नातू पंक्चर काढतो. गावच्या सवर्णांनी दोघांच्या आज्याला विहिरीवर चढू दिले नव्हते, तेव्हा त्यांनी धर्म विचारला नव्हता.

10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरले. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. यातली 1990 ही तारीख आपल्या लोकांनी विसरू नये. दीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या नोकरीत आपल्यालाही हेच उत्तर मिळत होते की धर्म बदललात, आता जात गेली. त्या काळात आपल्या किती घरांत पोरांच्या दाखल्यावर 'हिंदू' लिहिले गेले आणि भिंतीवर बुद्ध होते, हे ज्याचे त्याला माहीत. आमच्या वडिलांनीही तेच केले होते.

म्हणून भाऊंना नाही म्हणताना आमची जीभ अडखळली. पण नाही म्हणालो. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईंचे प्रकरण निकालात काढले होते. बाप्तिस्मा झालेला, नियमाने चर्चला जाणाऱ्या, आणि वरिष्ठ कारकुनाच्या जागेसाठी हिंदू म्हणून दाखला मागत होत्या. न्यायालय म्हणाले, केवळ आरक्षणासाठी असे सांगणे ही संविधानाची फसवणूक आहे. उद्या पडताळणीत पोरीचा दाखला रद्द झाला तर शिकलेले शिक्षणही हातचे जाईल.

आम्ही बोलत असताना वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "रोज रातच्याला पोरीसंगं माळ धरायची आन् सकाळी तिला खोटं लिवायला शिकवायचं व्हय?" भाऊ उठून गेले. त्या रात्री जपमाळ झाली, पण पुरुषाचा आवाज नव्हता.

अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. तेवढीच वाट होती. तिथे पुरावा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो, शिवाय नॉन-क्रिमिलेअर. गंमत अशी की जो कागद लपवायला भाऊ निघाले होते तोच आता हवा होता. शाळेचा उतारा जात सांगतो, धर्मांतर सांगायला बाप्तिस्म्याची नोंद लागते. भाऊ आणि आम्ही वैजापूरकडे गेलो. एका जुन्या वहीत फिकट निळ्या शाईने आजोबांचे नाव सापडले. भाऊंनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि किती तरी वेळ उचलले नाही.

एका कचेरीत तीन खेपा झाल्या. "ख्रिश्चनात कुठे जात असते?" असे तिथे आम्हाला ऐकवले गेले. असते, साहेब. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिले आहे, चर्चमध्ये गेलेली जात तिथेही जिवंत राहिली हे त्यांनी स्पष्ट मांडले आहे. आणि 2016 साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण काढताना स्वतःच्या घरातला जातिभेद कबूल केला. भाऊ सांगतात, सोयरिकीला पाव्हणे आले की पहिला प्रश्न 'मूळचे कोण?' हाच असतो. बाहेर कोणी जातीवरून शिवी दिली तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली त्यांची फिर्याद टिकत नाही, कारण कायद्याने ते अनुसूचित जातीचे नाहीत. या प्रश्नासाठी केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि पुढे त्याची मुदत वाढवत नेली.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, त्यांना आत घेतले तर आपल्या ताटातले जाईल. ही भीती खोटी नाही, ताट लहानच आहे. पण ताट मोठे करा म्हणून भांडायचे की पंगतीतल्या भावाला उठवायचे, हे आपण ठरवायला हवे. आम्ही त्यांचा देव मानत नाही आणि ते त्यांना माहीत आहे. आमचे मत मात्र 1990 ची वाट पाहणाऱ्या आमच्या वडिलांकडे बघून झाले आहे.

दाखला मिळाला. मुलीने प्रवेशाचा अर्ज आमच्याच ओट्यावर भरला. धर्माच्या रकान्यात तिने 'ख्रिश्चन' लिहिले आणि विचारले, "काका, कॅथलिक लिहायला जागाच नाही. चालेल न?" चालेल म्हणालो. वसतिगृहात जायच्या आदल्या रात्री निरोप द्यायला आम्ही गेलो तेव्हा माळ सुरूच होती. पोरगी पुढे म्हणत होती, भाऊ मागून पुरे करत होते. वहिनींनी हातानेच बसा म्हणून खूण केली. पाची दहा संपेपर्यंत आम्ही बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून राहिलो. चहा त्यानंतर आला, साखरेचा.